चार बाय तीनची मोरी

गेले तीन वीकांत मी परळच्या आमच्या चाळीत मोजपट्टी घेऊन फिरतोय. शनिवारी सकाळी पुण्याहून निघायचं, दुपारी खोलीवर पोचायचं, आईच्या हातचं पिठलं-भात खायचं आणि मग मोरीत उतरून भिंती मोजायच्या. शेजारचे काका पहिल्या शनिवारी विचारून गेले, "काय रे, बिल्डर आला की काय?" म्हटलं नाही काका, मीच आलोय.

प्रकरण साधं आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की उकिडवं बसायचं नाही, म्हणजे कमोड हवा. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय बारा, आणि संडास गॅलरीच्या टोकाला, साधारण ६० फुटांवर. चार संडास, सगळे देशी, सकाळी रांग. तूर्तास मधे भांडं असलेली खुर्ची आणून ठेवली आहे. पण ते भांडं रोज रिकामं कोण करणार? मी असतो पुण्यात. आई पहाटे साडेचारला उठते, शेजारी जागे व्हायच्या आत, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ते झाकलेलं भांडं घेऊन गॅलरीभर चालत जाते. हे मला तिने सांगितलं नाही. एका रविवारी पहाटे मला अचानक जाग आली म्हणून कळलं.

त्याच दिवशी ठरवलं की मोरीतच एक कमोड बसवायचा. मोरी चार बाय तीन फुटांची, म्हणजे १२ चौरस फूट. खोलीच्या बरोबर दहा टक्के. कागदावर चौकोन काढले, पुढून दोन फूट जागा सुटते का पाहिलं, सुटली. दोन तासांत डिझाईन तयार! आयुष्यभर सॉफ्टवेअर लिहिलेल्या माणसाला जी एक खोड असते ती मलाही आहे: जुन्या सिस्टीममध्ये एक छोटासा बदल करायचा म्हणजे कितीसं काम असणार? ज्यांनी वीस वर्षं जुना कोड उघडलाय त्यांना पुढे काय झालं ते सांगायला नको. इथे तर कोड शंभर वर्षांचा.

तर मंडळी, या बारा चौरस फुटांत मला जे जे आडवं आलं, त्या प्रत्येकाला एक इसवी सन चिकटलेलं निघालं. आजचा लेख त्याबद्दल.

पहिला आडवा आला तो पाईप. प्लंबरने मोरीत पाऊल टाकलं, खिडकीतून मागच्या घरगल्लीत डोकावला आणि म्हणाला, "साहेब, ही लाईन सांडपाण्याची. मैल्याची लाईन तिकडे टोकाला." मला वाटत होतं की पाईप म्हणजे पाईप. तसं नसतं. मोरीचं पाणी वेगळ्या नळाने खाली जातं आणि संडासाचं वेगळ्या. मोरीच्या पाईपला कमोड जोडला तर मैला सरळ गल्लीतल्या गटारात. असे उद्योग केलेल्या चाळी मुंबईत आहेत, त्यांच्या मागच्या गल्लीत जाऊन यावं म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

पण मुळात हे दोन वेगळे का झाले? त्यासाठी १८६० पर्यंत मागे जावं लागतं. त्या साली विहार तलावाचं पाणी नळाने मुंबईत आलं. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. म्हणजे तीसेक वर्षांत शहरात पाणी येण्याची मोठी सोय झाली. पण आलेलं पाणी जाण्याची सोय मागेच राहिली. विहिरीवरून घागरीने पाणी आणणारा माणूस ते जपून सांडतो, नळाखाली बसलेला नाही. प्रत्येक खोलीत एका कोपऱ्यात वीतभर कट्टा घातलेली मोरी आली: तिथेच आंघोळ, तिथेच भांडी, तिथेच धुणं. आणि ते पाणी भिंतीतल्या भोकातून मागे.

संडासाची तऱ्हा निराळी. तिथे पाण्याचा संबंधच नव्हता. तो होता टोपलीचा संडास. वरच्या मजल्यावरून सरळ खाली उतरणारी एक उभी पोकळी, तिच्या तळाशी टोपली आणि ती टोपली उचलायला मागच्या बाजूने येणारा माणूस. त्या माणसाने पुढच्या दाराने यायचं नाही म्हणून दोन इमारतींच्या पाठीमध्ये सोडलेली चिंचोळी जागा म्हणजे घरगल्ली. आज आपण तिला कचरा टाकायची जागा समजतो. मुळात ती जातीची वाट होती. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात या कामासाठीचा कर चक्क 'हलालखोर टॅक्स' या नावाने होता. हलालखोर म्हणजे मैला उचलणारा. पुढे त्या कराचं नाव मलनिस्सारण कर झालं. नाव बदललं, पण डोक्यावरून मैला वाहून नेण्याच्या प्रथेवर देशात बंदीचा कायदा यायला १९९३ उजाडलं आणि तो पुरेसा नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

इथे एक गंमत (गंमत कसली म्हणा) लक्षात येते. संडास राहत्या खोलीपासून लांब असावा यावर दोन अगदी वेगळ्या लोकांचं एकमत होतं. एक आपले सोवळ्याओवळ्याचे आजोबा-पणजोबा. आपल्या भाषेत तर शौचाला जाणं म्हणजे 'परसाकडे' जाणं, घराच्या मागे. आणि दुसरे गोरे इंजिनिअर-डॉक्टर. घाणीतून निघणाऱ्या दूषित हवेने रोग होतात असं त्यांच्यातल्या अनेकांना वाटत होतं. कारणं दोन, नकाशा एकच: संडास टोकाला. कमोड वापरणारी म्हातारी बाई या नकाशात कुणाच्याच डोक्यात नव्हती.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग आला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. मग पालिकेने शहर धुवायला काढलं. गटारांत समुद्राचं पाणी सोडणं, जंतुनाशकं ओतणं, घरं चुन्याने पांढरी करणं, सगळं झालं. प्लेग काही हटला नाही. तो पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरला १८९८ मध्ये कराचीत दिसलं. म्हणजे निदान चुकलं होतं, पण त्या चुकीच्या निदानातून एक बरी गोष्ट निघाली. १८९८ च्याच कायद्याने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, वस्त्या पाडून रुंद रस्ते निघाले आणि ट्रस्टने स्वतः चाळी बांधल्या. बीआयटी चाळी त्या याच.

त्यानंतर १९२० मध्ये सरकारचं डेव्हलपमेंट खातं आलं आणि त्याने बीडीडी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. तळमजला अधिक तीन, मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामाईक. बांधकाम सिमेंट काँक्रीटचं, त्या काळी अगदी आधुनिक. पण आतला आराखडा तोच. साहित्य बदललं, कल्पना बदलली नाही. आपल्याकडे जुना प्रोग्रॅम नव्या भाषेत जशाच्या तसा लिहून काढतात आणि त्यातल्या चुकाही इमानेइतबारे उतरवतात, त्यातला प्रकार. आमची चाळ खासगी मालकाची, लाकडी तुळयांची, पण नकाशा याच घराण्यातला.

असो. पाईप झाला. दुसरी आडवी आली ती जमीन.

साधारणपणे संडासाची जमीन आजूबाजूपेक्षा फूटभर खाली घेतात, त्यात पाईप बसवतात आणि वर भराव घालतात. आमच्याकडे खाली घ्यायला काही नाही. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर कोबा, त्यावर शहाबादी. महापालिकेच्या कायद्यातही (कलम ३४२) भाडेकरूला विनापरवाना करता येणाऱ्या दुरुस्त्यांची यादी आहे. त्यात फरशा बदलणं, मोरी-संडासाची दुरुस्ती, पाईप बदलणं हे बसतं. जमीन खाली घेणं बसत नाही. नवा संडास ही तर दुरुस्तीच नव्हे, त्याला परवानगी हवीच.

मग गवंडी म्हणाला की खाली नाही तर वर घेऊ, फूटभर विटांचे तुकडे भरून कोबा करू. मी खिशातला फोन काढून हिशोब केला. १२ चौरस फूट गुणिले एक फूट म्हणजे १२ घनफूट. विटांचा कोबा घनफुटाला ५० किलोच्या आसपास. म्हणजे ६०० किलो! वाळवीने कुरतडलेल्या तुळयांवर मोरीच्या कोपऱ्यात आईसारख्या दहा आया कायमच्या उभ्या करण्यासारखं. नको.

उत्तर निघालं ते कमोडच्या प्रकारात. 'पी ट्रॅप'चा कमोड घेतला तर त्याची वाट खाली जमिनीत न जाता मागे भिंतीतून जाते, जमिनीपासून सातेक इंचांवर. भिंतीला एक गोल भोक, बस्स. ते मात्र हातोड्याने फोडायचं नाही, यंत्राने कापायचं, कारण भिंत भार घेणारी आहे. आंघोळीचं पाणी जुन्याच नहाणी ट्रॅपमधून जुन्याच पाईपला. (जाता जाता: 'नहाणी ट्रॅप' हा शब्द भारतातल्या इंग्रजी प्लंबिंगच्या पुस्तकांतही तसाच छापतात, 'ब्रिकबॅट कोबा'सुद्धा. आपल्या न्हाणीघराने इंग्रजीला निदान दोन शब्द दिले, याचा मला उगाचच अभिमान वाटला.)

आता तिसरा आणि सगळ्यात मोठा अडथळा. मालक.

आमचं भाडं महिना ११० रुपये. पावती अजून आजोबांच्या नावाने. पुण्यातल्या मित्रांना हा आकडा सांगितला की ते हसतात आणि मालकाच्या बाजूने बोलायला लागतात. त्यांचं सगळंच चुकीचं आहे असं नाही. पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली म्हणून १९१८ मध्ये भाडेनियंत्रण आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते पुन्हा आलं आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने पक्कं झालं. त्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं ते 'प्रमाण भाडं' म्हणून जवळपास गोठवलं. युद्धाच्या टंचाईत सुटलेल्या माणसाला आधार म्हणून आलेली तात्पुरती गोष्ट पन्नास वर्षं चालली. 'टेम्पररी फिक्स' म्हणून टाकलेल्या ओळी सगळ्यात जास्त टिकतात, हे आमच्या धंद्यातलं ब्रह्मवाक्य इथेही खरं. भाडं गोठलं तसा मालकाचा रस गोठला. रंग नाही, दुरुस्ती नाही. इमारती पडायला लागल्या तेव्हा १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला आणि जुन्या इमारतींवर सेस बसवला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं की भाडी अशी गोठवून ठेवणं आता न्याय्य राहिलेलं नाही. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, वर्षाला चार टक्के वाढ आली आणि पागडी, जी तोवर चोरून चालायची, ती कायदेशीर झाली.

या कायद्यात भाडेकरूला एक हक्क आहे. मालकाने दुरुस्ती केली नाही तर नोटीस देऊन आपण करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आमचं वर्षाचं भाडं १,३२०. चतुर्थांश झाले ३३० रुपये. एवढ्यात प्लंबर तिसऱ्या मजल्यापर्यंत चढूनही येत नाही. भाडं गोठलं की आपला हक्कही त्याच बर्फात गोठतो, हे मला पहिल्यांदा कळलं.

आणि खरी भीती दुसऱ्या कलमाची. मालकाच्या लेखी संमतीशिवाय 'कायमस्वरूपी बांधकाम' केलं तर तेवढ्या कारणावरून खोली खाली करून मागता येते. काय कायमस्वरूपी नाही याची यादी कायद्यातच दिली आहे: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दार, हवेसाठी खिडकी, जाळी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं. यादी मी तीनदा वाचली. ओटा आहे. एसी आहे. संडास नाही.

आईला ही यादी माहीत नाही, पण तिला १९८६ आठवतं. त्या साली बाबांनी मोरीचा कट्टा एका विटेने वाढवून पांढऱ्या टाईल्स लावल्या होत्या. महिन्याभरात वकिलाची नोटीस आली. पुढे काही झालं नाही, टाईल्स अजून तिथेच आहेत, पण बाबा दोन वर्षं नीट झोपले नाहीत. ती नोटीस भाडेपावत्यांच्या फाईलमध्ये लावलेली आहे. मी कमोडचा विषय काढला तेव्हा आई काही बोलली नाही, कपाटातून ती फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "खोली गेली तर मी पहाटे भांडं कुठे नेऊ?"

कायमस्वरूपी म्हणजे नेमकं काय, यावर कोर्टात पुष्कळ भांडणं झाली आहेत. मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कसोट्या सांगितल्या: बांधणाऱ्याचा हेतू काय, ते कशाने आणि कितपत जोडलंय, मूळ वास्तूचं नुकसान न करता काढता येतं का, सामान काय वापरलंय. म्हणजे आमचा ६०० किलोचा कोबा कायदेशीरदृष्ट्याही वाईट आणि चार स्क्रूंवर उभा राहणारा कमोड बरा. गुरुत्वाकर्षण आणि न्यायशास्त्र यांचं इतकं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं. तरी पण भिंतीत भोक आहेच. तेव्हा संमती हवी आणि ती लेखीच हवी. भाडं न्यायला येणारे मेहताजी तोंडी "करा, करा" म्हणाले, त्याचा कोर्टात उपयोग शून्य.

राहिला मूळ प्रश्न, मैल्याचा पाईप. गॅलरीच्या टोकापर्यंत ६० फूट आडवा न्यायचा तर चाळीस फुटाला एक फूट उतार लागतो, म्हणजे शेवटी दीड फूट खाली. खालच्या मजल्यावरच्यांच्या दारांच्या माथ्यावरून आमच्या मैल्याची पाईपलाईन! हे मी कुणाला विचारायची हिंमतही केली नाही. मग एकच पर्याय: मोरीच्या मागे, घरगल्लीत, जमिनीपासून गच्चीच्या वरपर्यंत नवी उभी लाईन. खर्च एकट्याला न झेपणारा. शिवाय ती दुसऱ्या, पहिल्या आणि तळमजल्याच्या मोऱ्यांच्या पाठीवरून जाणार.

म्हणून मागच्या रविवारी मी जिना उतरलो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना मधुमेह आहे, रात्री चार वेळा उठावं लागतं. पहिल्या मजल्यावर वहिनींची मुलगी दहावीत आहे, अंधार पडल्यावर ती टोकाला एकटी जात नाही. तळमजल्यावर मोरीच्या जागी त्यांनी ओटा केलाय, तरी आजी म्हणाल्या की ओटा हलवू. मला सगळ्यांना पटवावं लागेल म्हणून मी मुद्दे लिहून नेले होते. मुद्दे खिशातच राहिले. प्रत्येक घरात हा नकाशा आधीच कुणीतरी मनात काढून ठेवलेला होता. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या एकट्याचीच अडचण आहे, आणि एकट्याने मालकाकडे कसं जायचं?

हे एवढी वर्षं का झालं नाही? एक उत्तर सगळ्यांकडून एकाच शब्दात आलं: रीडेव्हलपमेंट. इमारत पडून टॉवर होणार, त्यात आतच संडास मिळणार, मग आता कशाला खर्च? ते होतही असतं. वरळीच्या बीडीडीत ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तिथलं भूमिपूजन २०१७ चं. म्हणजे सरकार मागे उभं असूनही आठ वर्षं. आमच्याकडे तर अजून बिल्डरही ठरलेला नाही. आई चौऱ्याहत्तरची आहे.

तर सध्याची स्थिती अशी. एक पानी अर्ज, चार घरांच्या सह्या, सोबत नकाशा: नवी उभी लाईन, भिंतीतून जाणारे कमोड, भराव नाही, तुळयांना हात नाही, खोली सोडताना सगळं काढून भिंत पूर्ववत करून देऊ असं लेखी आश्वासन. मालकाची लेखी संमती आली की महापालिकेचा अर्ज. मेहताजी कागद घेऊन गेले आहेत. या वेळी त्यांनी पोच दिली, तारीख घालून. मी ती फाईलमध्ये लावली, १९८६ च्या नोटिशीच्या वर.

एक गोष्ट मात्र नकाशात नव्हती ती काल रात्री लक्षात आली. नळाला पाणी सकाळी तासभरच येतं, तेव्हा फ्लशला टाकी लागणार आणि २०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलो. तुळयांचा हिशोब परत. पुढच्या शनिवारी पुन्हा मोजपट्टी घेऊन जायचं आहे. आई म्हणाली, येताना पुण्याहून बाकरवडी आण, तळमजल्याच्या आजींना द्यायची आहे.